पार्किंगचा नकाशा कोणी नेला?

१

सोमवारी सकाळी साडेदहाला बोरझरी नगरपंचायतीच्या नियोजन समितीची फाईल उघडली, आणि तिच्यातला नकाशा गायब होता.

बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. अर्ज होता, वाहतुकीबाबत पोलिसांचं पत्र होतं, किशोर भुयारांची साडेतीन पानी हरकत होती. नव्हता तो फक्त मैदानाचा मोजणी नकाशा, शिक्क्याचा आणि सहीचा, एकुलता एक.

वलगाव ओलांडून परतवाड्याकडे निघालं की मध्ये बोरझरी लागते. तिथल्या बसस्टँडमागं एक चर्च आहे. पंधरा वर्षांपूर्वी पार्बताबाईंच्या ओसरीवर अकरा माणसं उपासनेला जमायची, आता दर रविवारी चारशे जमतात. मोटरसायकली, ऑटो, परतवाड्याहून खच्चून भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा, सगळं त्या अरुंद गल्लीत. चर्चला लागूनच नगरपंचायतीचं मोकळं मैदान होतं. ते सपाट करायचं, रविवारी चर्चच्या गाड्या लावायच्या, इतर दिवशी बाजाराच्या, असा प्रस्ताव होता. त्याचा फैसला आज चार वाजताच्या सभेत व्हायचा होता आणि उद्या सकाळी मैदानात जेसीबी लागणार होता. नकाशाशिवाय मात्र काहीच होणार नव्हतं, आणि अमरावतीहून दुसरी प्रत यायची म्हणजे तीन आठवडे धरून चालायचं.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना?" मुख्याधिकारी गीतांजली निंबाळकर यांनी विचारलं. बाई साताऱ्याकडच्या, बोरझरीत येऊन तीन महिने झालेले. सरकारी खुर्चीनं पाठ धरली म्हणून त्यांनी गादी शिवायला सांगितली होती. ती लाल फुलांची गादी आज आल्या आल्या त्यांना खुर्चीवर मिळाली होती, पण तिच्यावर बसूनही बाईंचा चेहरा काही सैल झाला नव्हता.

"हो मॅडम," नईम म्हणाला.

"मग नकाशा कुठे आहे?"

नईम शेख उगाच फाईलचा टॅग नीट करू लागला. सव्वीस वर्षांचा हा लिपिक एरवी बोलायला लागला की थांबवावा लागायचा. त्याच्या आईनं, खुर्शीदबीनं, साड्यांना फॉल लावून लावून त्याला अकोल्याच्या क्लासला धाडलं होतं. परिविक्षेची, म्हणजे कच्च्या नोकरीची, दोन वर्षं संपायला बारा दिवस उरले होते.

"चार वाजेपर्यंत नकाशा सापडला नाही, तर निलंबनाच्या कागदावर सही करीन," मॅडम म्हणाल्या. "आणि परिविक्षेतल्या माणसाचं निलंबन म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे."

कोपऱ्यात कूलरसमोर खुर्ची टाकून सुभद्राबाई इंगोले चहा पीत बसल्या होत्या. त्या समितीच्या सदस्य. सभा चारची, पण मे महिन्यात नगरपंचायतीच्या कूलरसारखा कूलर गावात दुसरा नाही, म्हणून बाई सकाळीच हजर. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्या काळात तिथून एक कागद हरवला नाही, आणि जे त्यांच्या आधी हरवले होते त्यातले निम्मे त्यांनी शोधून काढले. नईमला फाईलला टॅग बांधायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, चार वाजेपर्यंतचा टाइम मले द्या. कपाट पाहू द्या एकडाव."

"बघा. पण हात लावायचा नाही."

कपाटात पाच कप्पे होते, प्रत्येकात खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. चार कप्प्यांतलं पिवळं पडलेलं, कुठल्या तरी दिवाळीच्या सेलची जाहिरात मिरवणारं. मधल्या कप्प्यात, जिथं ही फाईल असायची, तिथला कागद मात्र पांढराफेक. आणि उर्दू.

सुभद्राबाईंनी मान वळवली. नईमही त्याच कागदाकडे बघत होता. नजरानजर होताच त्यानं डोळे खाली घातले. या पोराला काहीतरी ठाऊक होतं.

मॅडमनी कपाट लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

२

सुभद्राबाईंनी नईमला चहाच्या टपरीवर नेलं.

"दुसरी किल्ली कुठी राहते बेटा?"

"कॅलेंडरच्या मागं, खिळ्याले."

"हे कोणाकोणाले माईत हाय?"

नईम कसनुसं हसला. "मॅडमले सोडून साऱ्या गावाले."

खरंच होतं ते. मागचे मुख्याधिकारी किल्ली घरी विसरायचे, म्हणून तो खिळा ठोकला गेला. पुढं दाखला हवा असला आणि बाबू जेवायला गेलेला असला, की माणसं स्वतःच किल्ली काढायची, दाखला घ्यायची, वहीत सही करून किल्ली परत लटकवायची. त्यातून कधी काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे नव्या मॅडमना हे सांगायला हवं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

"मंग तूच कावून अडकून राहिला? सांग ना मॅडमले, का किल्ली कोणीबी घेऊ शकते."

"नाई ताई."

"कावून नाई?"

नईमनं चहाला तोंडही लावलं नव्हतं. "माह्यंच चुकलं म्हणून लिवून टाका. मी सही करतो."

सुभद्राबाईंना राग आला, आणि रागाहून जास्त माया आली. चोरी केलेला माणूस आढेवेढे घेतो. हा तर शिक्षा मागून घेत होता. म्हणजे कोणाला तरी पाठीशी घालत होता. बोरझरीत उर्दू पेपर एकाच ठिकाणी यायचा, अब्दुल गफ्फारच्या गाद्यांच्या दुकानात. गफ्फारचं दुकान मैदानाला लागून होतं, आणि तीस वर्षं तो त्याच मैदानात कापूस वाळवत होता. मैदानाचं पार्किंग झालं तर कापूस वाळवायचा कुठं? आणि गफ्फार हा खुर्शीदबीचा सख्खा भाऊ, नईमचा मामा.

बाई कचेरीच्या पायरीवर परत आल्या. बाहेरच्या बाकावर चर्चचे पास्टर प्रभाकर तायडे मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. शिपाई नत्थुजी त्यांना नियम समजावून सांगत होता.

"अर्जदारानं सभेच्या आधी सायबाले भेटाचं नाई, असं मॅडमनं लिवून लावलं हाय. बसा तुमी."

"पण माह्यं अर्जंट काम हाय नत्थुजी."

"साऱ्याइचंच अर्जंट असते."

पास्टरनी सुभद्राबाईंना पाहिलं आणि ते उभेच राहिले. "सलाम ताई. थोडंसं बोलाचं होतं."

"पास्टर साहेब, तुमचाच नकाशा शोधून राहिलो आमी. दम धरा जरा."

"त्याच्याबद्दलच—"

"सापडीन, सापडीन. बसा." बाई पुढं सटकल्या. पास्टर परत बाकावर टेकले आणि त्यांनी पिशवी पोटाशी धरली.

नत्थुजीला बाजूला घेऊन बाईंनी विचारलं, "शनिवारी सुटी होती, पण तू ड्युटीवर होता. कोणी आलं होतं काय?"

"कोणीच नाई."

"नीट याद कर."

"अवो बाई, दिवसभर मी या दरवाज्यातच बसून होतो. परका माणूस आत गेला नाई. गेला असंल त माह्यं नाव बदलून टाका."

नत्थुजी खोटं बोलणारा नव्हता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मग शनिवारी बंद कचेरीत, बंद कपाटात, ताजा उर्दू पेपर आपल्या पायानं चालत गेला की काय?

३

किशोर भुयारांचं मंगल कार्यालय चर्चच्या समोरच, आणि गावातला एकुलता एक जेसीबीही त्यांचाच. लेखी हरकत घेणारा गावात हा एकटा, त्यामुळे संशयितांच्या यादीत पहिलं नाव त्याचंच असायला हवं होतं, आणि किशोरला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

"या ताई. मले माईतच होतं तुमी येसान. नकाशा मी चोरला म्हणून ना?"

"मी कुठी म्हटलं?"

"सारं गाव म्हणून राहिलं. अवो, मले चोराचाच असता त साडेतीन पानं हरकत कायले लिवली असती? हात दुखले माह्ये." त्यानं पाणी मागवलं. "माह्यं म्हणणं एवढंच, का लग्नाच्या दिवशी मैदान मले पायजे. मांगच्या रविवारी काय झालं, माईत हाय? नवरदेव घोड्यावर, समोर बँड, अन् गल्लीत चर्चच्या दोनशे गाड्या. पाऊण तास घोडं एका जागी उभं. नवरदेवाले भोवळ आली, मुहूर्त गेला, अन् नवरीचा बाप माह्यावर चालून आला."

सुभद्राबाईंना हसू आवरेना. "गाड्या त दर रविवारी राहतेत."

"राहतेत, पण अर्ध्या मैदानात लावत होते ना! परमिशन नसली तरी लावत होते, आपण कधी बोललो नाई. आता दोन रविवार झाले, मैदान रिकामं अन् गाड्या रस्त्यावर. दोरी बांधून ठेवली तिथं. कावून बांधली, त्याइचं त्याइलेच माईत."

सुभद्राबाईंच्या हातातला ग्लास थांबला. पार्किंगला जागा नाही म्हणून अर्ज करायचा, आणि असलेली जागा दोरी बांधून बंद करायची? हे कुठलं शहाणपण?

"उद्या जेसीबी तुह्याच येऊन राहिला ना, किशोर?"

"हो. म्हणजे... येईन. पाहू." किशोरनं एकदम पंख्याकडे बघितलं. "त्याचा पाइप जरा गडबड करून राहिला."

एवढी साडेतीन पानं लिहिणारा माणूस एका जेसीबीपुढं अडखळला, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं.

गल्ली ओलांडून त्या चर्चच्या फाटकाशी आल्या. सत्तरीच्या पार्बताबाई फाटकापुढं झाडत होत्या. गुडघे गेलेले, तरी झाडू सोडवत नव्हता. चर्चची पहिली उपासना यांच्याच ओसरीवर झाली, त्यामुळे चर्चमधल्या प्रत्येक विटेवर आपला थोडा हक्क आहे असं त्यांना वाटायचं.

"मैदानाले दोरी कोणी बांधली, पार्बताबाई?"

"पास्टरनं. दोन हप्ते झाले. म्हणे, मैदानात गाडी लावाची नाई, पोट्ट्याइनं क्रिकेट खेळाची नाई. मी म्हटलं, कावून बापा? त म्हणे, मावशी, महिनाभर सांगतो तसं करा, मंग विचारा." पार्बताबाईंनी कंबर सरळ केली. "मले बसस्टँडपासून चालत या लागते या गुडघ्याइनं. पण पास्टरचं ऐका लागते ना."

मैदानावर एक पक्षी घिरट्या घालत कर्कश ओरडत होता. सुभद्राबाईंनी वर बघितलं, घड्याळ बघितलं, आणि त्या लगबगीनं गफ्फारच्या दुकानाकडे निघाल्या. अडीच वाजून गेले होते.

४

अब्दुल गफ्फार नव्या गादीला टाके घालत होता. सुभद्राबाईंना पाहताच त्यानं सुई कापडात खोचली.

"आओ बाई. नईमचं ऐकलं मी. खुर्शीद सकाळपासून रडून राहिली. माह्या भाच्यानं आजपावतो कोणाची टाचणी नाई उचलली."

"माईत हाय मले. पण तो बोलून नाई राहिला काहीच. कापूस इकडे कावून वाळू घातला, गफ्फारभाई? दरसाल त तिकडच्या कोपऱ्यात घालता."

गफ्फार उगाच गालातल्या गालात हसला. "तिकडे दुसऱ्याचं घर हाय सध्या."

"कोणाचं?"

"जाऊन पाहा. पण दुरून पाहजा, नाई त डोक्यावर चोच मारीन."

बाईंच्या मनात काहीतरी हललं. पण आधी जे विचारायला आल्या होत्या ते विचारायला हवं होतं. गफ्फार चोर निघावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"तुमचा उर्दू पेपर कचेरीच्या कपाटात आला कसा?"

"माह्या पेपर?" गफ्फारनं डोकं खाजवलं. "कपाटात नाई माईत बाई. पण कचेरीत गेला असंल. मॅडमची गादी शनिवारी तयार झाली ना, ती पेपरात बांधून देली मी. लाल फुलं होते, मळू नाई म्हणून."

"तुमी नेऊन देली?"

"नाई. दुकानात गिऱ्हाईक होतं. एकजण तिकडेच जाऊन राहिले होते. म्हणे, द्या गफ्फारभाई, मी ठेवतो खुर्चीवर."

सकाळची ती लाल फुलांची गादी बाईंच्या डोळ्यांपुढं आली. सुटीच्या दिवशी कचेरीत गादी घेऊन गेलेला माणूस! आणि नत्थुजी शपथेवर सांगत होता की परका माणूस आत गेला नाही. बरोबरच होतं त्याचं. जो गेला तो परका नव्हताच.

"कोण होतं ते, गफ्फारभाई?"

"पास्टर साहेब."

सुभद्राबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. ज्या माणसाला पार्किंग हवं, ज्याचा अर्ज, जो सहा महिने या कचेरीचे उंबरे झिजवत होता, त्यानंच स्वतःचा नकाशा नाहीसा करावा?

मैदानाच्या उंचवट्याच्या कोपऱ्याकडे त्या हळूहळू गेल्या. दगडांचं एक वर्तुळ मांडलेलं होतं. त्याच्या बाहेर फुटक्या माठाच्या खापरात पाणी ठेवलेलं. वरून तो पक्षी ओरडत झेपावला. बाईंनी पदर डोक्यावर घेतला, मान पुढं काढून वर्तुळात बघितलं, आणि मग एकट्याच उन्हात उभ्या राहून हसल्या. हसता हसता त्यांना बाकावर बसलेला माणूस आठवला, आणि हसू पार मावळलं.

५

चार वाजता सभा सुरू झाली. सभापती सूर्यभानजी वाकोडे मधल्या खुर्चीवर. तीस एकर काळ्या मातीचे धनी, पण सभेत बोलायची वेळ आली की छताकडे बघायचे. शेजारी मॅडम, त्यांच्यापुढं निलंबनाचा कागद, वर पेन. हरकतदार म्हणून किशोर हजर. नईम भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"सुभद्राताई, सापडला नकाशा?" मॅडमनी विचारलं.

"सापडला. अन् कोणी लपवला तेबी. पण पयले—"

दार धाडकन उघडलं. गफ्फार धापा टाकत आत शिरला, दाढीला कापूस तसाच लागलेला. मागोमाग नत्थुजी, "अहो थांबा, थांबा" करत.

"मॅडम, नकाशा मी चोरला!" गफ्फार म्हणाला. "बाई आता पेपरचं विचारून गेल्या, तवा समजलं मले, पोट्टा कावून चूप हाय ते. माह्यं नाव लिवा. मैदान मले पायजे होतं कापसाले. त्याले सोडा."

"मामू!" नईम पुढं धावला. "मॅडम, हे खोटं हाय. मीच केलं. माह्याजवळ किल्ली होती."

"तू चूप बस!"

"तुमी चूप बसा मामू!"

मॅडम एकदा मामाकडे, एकदा भाच्याकडे बघत राहिल्या. सकाळी एक चोर मिळत नव्हता, आता दोन झाले होते.

"नत्थुजी," सुभद्राबाई म्हणाल्या, "बाकावर जे बसले हायेत, त्याइले आत बोलव."

पास्टर तायडे आत आले. पिशवी अजून हातातच होती. त्यांनी मामा-भाच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दोघंबी खोटं बोलून राहिले, मॅडम. नकाशा मी लपवला. सकाळी साडेअकरापासून हेच सांगाले बसलो होतो. कोणी आत येऊ देईना."

सभापतींनी छताकडे बघितलं.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "तुमचाच तर अर्ज आहे!"

"म्हणूनच त्याइच्याकडे कोणी पाह्यलं नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "मीबी नाई. पण पाहा मॅडम. ज्याले पार्किंग हाणून पाडाचं असंल तो अख्खी फाईल नेईल. इथं फक्त नकाशा गेला, म्हणजे काम तीन हप्ते पुढं जाते, मोडत नाई. त चोराले नकार नको होता, उशीर पायजे होता. दुसरं, कप्प्यातला पेपर. तो गफ्फारभाईच्या दुकानातला, तुमच्या गादीले गुंडाळलेला. जो गादी घेऊन आला, त्यानंच तो अंथरला. नत्थुजी, शनिवारी गादी कोणी आणली?"

"पास्टर साहेबानं," नत्थुजी म्हणाला. "पण तुमी विचारलं, कोणी आलं काय. पास्टर साहेब का कोणी हायेत? ते त रोजच येतेत!"

"अन् तिसरं. मैदानाले दोरी दोन हप्त्यापासून याइनंच बांधली. म्हणजे उशीर कोणासाठी पायजे होता, ते मैदानातच हाय. पण आधी कपाट उघडा मॅडम. चोरून नेणारा नवा पेपर अंथरत बसत नाई, झाकून ठेवणारा अंथरते. तो पेपर उचला."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढली. मधल्या कप्प्यातला उर्दू कागद वर केला. खाली नकाशा सपाट निजलेला होता, कोपरासुद्धा न दुमडलेला.

"सरकारी कागद घरी नेणं जमलं नाई मले," पास्टर हळूच म्हणाले. "जुना पेपर उचलता उचलता फाटला, म्हणून गादीचा अंथरला. नईमवर येईल हे ध्यानातच आलं नाई. मले वाटलं, नकाशा सापडला नाई म्हणून सभा पुढं ढकलतीन, बस. सकाळी त्याचं नाव ऐकलं अन् धावत आलो."

"पण कशासाठी?" मॅडमचा आवाज चढला. "कशासाठी हवा होता उशीर?"

६

"टिटवीनं अंडे घातले मैदानात," पास्टर म्हणाले.

मॅडमना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"माह्ये वडील चांदूर रेल्वेकडे दुसऱ्याच्या वावरात राबत होते. वखर चालू असला अन् टिटवी बसलेली दिसली, का बैल थांबवाचे. तेवढा तुकडा सोडून बाजूनं वखर काढाचे. मालक शिव्या देत होता, पण त्याइनं कधी ऐकलं नाई. पिल्लं निंघून गेल्यावर तो तुकडा हातानं खोदाचे." पास्टरनी पिशवीतल्या बायबलावर हात ठेवला. "उद्या मैदानात जेसीबी येणार होता. मीच सहा महिने मांगं लागून आणला तो. या सभेत तीनदा उभा राहून म्हटलं, एक दिवसबी थांबू शकत नाई. मंडळी वाट पाहून राहिली, पोलिसांचं पत्र आलं. आता कोणत्या तोंडानं म्हणू, का चार अंड्यासाठी थांबा? लोक हसतीन, पास्टर शकुन पाहून राहिला म्हणतीन. त ते सांगाची हिंमत झाली नाई, अन् चोरीची झाली. चुकलं माह्यं."

"चार अंड्यांसाठी तुम्ही—" मॅडमनी सुरुवात केली.

"चार हायेत?" सभापती सूर्यभानजी प्रथमच छतावरून खाली आले. "कुठी घातले? उंचावर का खोलात?"

"कोपऱ्यातल्या उंचवट्यावर."

"उंचावर!" सूर्यभानजींनी टेबलावर थाप मारली. "चार अंडे म्हणजे चार महिने पाऊस हाय! अन् जोराचा असला का खोलात घालत नाई ती. पऱ्हाटी, कापूस लावाले हरकत नाई." समितीतल्या सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले. दोघांनी तर तिथूनच घरी फोन लावले.

"अहो, सभा चालू आहे!" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, जेसीबी तसाबी उद्या येणार नव्हता," किशोर खाली बघत म्हणाला. "मी त्या दिवशी घोड्याच्या मांगं उभा होतो, तवा पाह्यलं तिले. ड्रायव्हरले सांगतलं, पाइप खराब हाय म्हणून जूनपर्यंत आणू नको."

"आणि हे तुम्ही हरकतीत लिहिलं नाही?"

"टिटवीचं हरकतीत कसं लिवाव जी? लोक हसले असते."

पास्टर किशोरकडे बघत राहिले. किशोर पास्टरांकडे. सहा महिने एकमेकांशी न बोललेली ही दोन माणसं मग एकदमच हसली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी निलंबनाचा कागद उचलला आणि नईमकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं की पेपर मामांच्या दुकानातला आहे?"

"हो मॅडम. पण तुमाले नकाशा नाई म्हणून सांगतल्यावर दिसला तो. तेवढ्यात तुमी कपाट लावलं."

"आणि तुम्ही नोकरी घालवायला तयार झालात."

उत्तर गफ्फारनं दिलं, पण मॅडमना नव्हे. त्यानं भाच्याची कॉलर धरली. "म्हणजे तुले वाटलं मामू चोर हाय?"

"...हो मामू."

"अन् चोर हाय असं वाटूनबी माह्यासाठी उभा राहिला?"

नईमनं मान हलवली. गफ्फारनं हात उगारला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता थोबाडीत बसणार. पण तो हात पोराच्या मानेमागं गेला आणि त्यानं त्याला छातीशी ओढलं. "बह्याड पोट्टा," तो म्हणत राहिला, "बह्याड पोट्टा," आणि त्याच्या दाढीचा कापूस नईमच्या शर्टाला लागत राहिला. सुभद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले. नत्थुजीनं उघडपणे नाक शिंकरलं.

मॅडमनी निलंबनाचा कागद उभा फाडला, मग आडवा.

"नकाशा याच कपाटात, याच कप्प्यात होता," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "कार्यालयाबाहेर गेला नाही. अर्जदारांनी लेखी माफी द्यावी. आणि वर्षभर दर रविवारी त्यांनी स्वतः उभं राहून गाड्या लावून घ्याव्यात. घोड्याला वाट ठेवून. आता ठराव लिहा, शेख."

नईमनं डोळे पुसून पेन उचललं. पार्किंग मंजूर झालं, लग्नाच्या दिवशी अर्धं मैदान किशोरला, आणि कापसाला दक्षिणेकडची पट्टी. शेवटच्या अटीशी मॅडम जरा अडल्या.

"ईशान्य कोपऱ्यातील जागेवर, पक्षी... काय लिहायचं?"

"टिटवी लिवू मॅडम," नईम म्हणाला. "पिल्लं निंघून जाईपर्यंत काम करू नये."

"लिहा." मॅडमनी सही केली. मग उठून त्या भिंतीपाशी गेल्या आणि कॅलेंडर उचलून मागं बघितलं. दुसरी किल्ली खिळ्याला शांतपणे लटकत होती. मॅडमनी किल्ली काढून घेतली, सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि ती पर्समध्ये टाकून बाहेर गेल्या.

सुभद्राबाई पास्टरांजवळ आल्या. "साहेब, सकाळी तुमी बोलाले आले, अन् मीच तुमाले बसवून देलं. एकतीस वर्षं कागद शोधले मी, पण समोरच्या माणसाचं ऐकाले दोन मिनिटं नाई थांबली. लेकरू दिवसभर सुकलं माह्यामुळं."

"तुमी शोधत होत्या ताई."

"तेच त," बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी, रविवारी उपासनेच्या वेळी पार्बताबाईंना मैदानातून चार ठिपकेदार पिल्लं आईमागं तुरुतुरु पळताना दिसली. पास्टर गळ्यात शिटी अडकवून गाड्या थांबवत होते. त्यांनी दोन्ही हात पसरून सगळी रांग अडवली. रांगेत पहिली स्कूटी मुख्याधिकारी मॅडमची होती. सुटीच्या दिवशी त्या इकडे कशाला आल्या होत्या, हे त्यांना कोणी विचारलं नाही. पिल्लं पलीकडच्या वावरात शिरेपर्यंत त्यांनी गाडी बंद करून ठेवली होती.